तुझ्या शिंपल्यांचा डबा

हिराताई, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी वाढायला होतो. तुझ्या बाजारातल्या बायका एका ओळीत बसल्या होत्या. त्यातल्या एकीला दुसऱ्यांदा भात वाढायला गेलो, तर तिने पानावर हात आडवा धरला आणि शेजारणीला म्हणाली, "बस झाला. हिरासारकी गत नको." हसलं कोणी नाही, पण तिला गप्प बस असंही कोणी म्हणालं नाही. तुझ्याच अंगणात, तुझ्याच नावाच्या जेवणाला बसून, तू खाऊन खाऊन मेलीस असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी भाताचं पातेलं तिथेच ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

तू खाऊन मेली नाहीस. त्या अंगणात हे एकट्या मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. तुझ्या हयातीतही आपल्यात हा एकच वाद कधी मिटला नाही. तू म्हणायचीस, "मी तेवढं खात नाय रे." मी म्हणायचो, "मग वजन काय हवा खाऊन वाढतं?" तो वाद तू जिंकलीस. पण तू जिंकलीस हे तुला तोंडावर सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

घाटावरून इथे तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आलो, तेव्हा बोईसरहून समुद्राकडे जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे तुझ्या मागच्या खोलीत राहायला लागलो. मी तुला अहो-जाहो करायचो. तिसऱ्या दिवशी तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "तुमी तुमी काय लावलंस? मी काय सरपंच हाय?" तेव्हापासून तू ताई, तुझा नवरा दाजी आणि मी घाट्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या घशात माशाचा काटा अडकला. मी घाबरून डोळे पांढरे केले. तू भाताचा घट्ट गोळा करून माझ्या तोंडात कोंबलास आणि पाठीत असा रट्टा घातलास की काटा गेला पण पाठ दोन दिवस दुखत होती. "घाट्या, मासा गिळायचा नसतो. काटा आदी जिबेनं शोदायचा," म्हणालीस. त्या दिवाळीत कंपनीने सुट्टी दिली नाही म्हणून मी घरी जाऊ शकलो नाही, तर भाऊबीजेला तू मला पाटावर बसवलंस. मला सख्खी बहीण नाही. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं, तू विचारलंही नव्हतंस. पाट मांडलास, बस.

तेव्हा तू काटकुळी होतीस. आता कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. डोक्यावर पाटी घेऊन तू चालायला लागलीस की मला मागे धावावं लागायचं. पण पहाटे बंदरावर, मग दिवसभर बाजारातल्या ओल्या फरशीवर उकिडवं बसणं, अशी वीस-पंचवीस वर्षं काढलेले तुझे गुडघे एक दिवस बसले. जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना तू दाजींच्या खांद्याला धरायला लागलीस. दाजी बोटीवर असले की मग भिंतीला.

इथून पुढचं माझं आहे.

माझ्या खात्यात मासवणचा एकजण होता. त्याच्या आईचे गुडघे असेच गेले होते आणि मनोरच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या पुडीने ती पुन्हा भात लावायला उतरली होती. मी लग्न करून बोईसरला ब्लॉक घेतला होता, तरी सुट्टीचा दिवस तुझ्याकडेच जायचा. एका सुट्टीला गाडी मनोरकडे वळवली आणि पुडी घेऊन आलो. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पिवळट भुकटी. "जडीबुटी हाय, काय अपाय नाय," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि खिशात टाकली.

मी कोण, ताई? कंपनीच्या लॅबमधला माणूस. आठ तास पावडरींचे नमुने तपासणं हेच माझं काम. पोत्यावर छापलंय तेच आत आहे का, त्यात भलतं काही मिसळलंय का, हे बघितल्याशिवाय मी सही करत नाही. माझी सही नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. आणि चार वर्षं दर आठवड्याला मी तुझ्या तळहातावर एक भुकटी ठेवत होतो जिचा मी एकदा वाससुद्धा घेतला नाही.

आठ दिवसांत तू उठलीस. पंधराव्या दिवशी पाटी डोक्यावर. बाजारात सांगत सुटलीस, "माज्या घाट्यानं मला पाय आनून दिले." तुझ्या बायका म्हणाल्या, हिराला भाऊ लाभला. मला केवढा अभिमान वाटला होता. त्यातल्या तिघींनी माझ्याकडून पत्ता घेतला आणि त्याही मनोरला जायला लागल्या.

आधी तुझ्या गालांवर आलं. गाल भरले, चेहरा गोल झाला, लाल दिसायला लागला, आणि सगळ्यांना ते बरंच वाटलं. आपल्याकडे बाई भरली की घर सुखात आहे असं धरतात. मग पोट सुटलं. मानेमागे एक गोळा आला. पोलक्याच्या शिवणी तू दोनदा उसवून घेतल्यास, मग नवी पोलकी शिवलीस. दुसऱ्या वर्षी तुझं वजन दीडपट झालं होतं आणि तिसऱ्या वर्षी तू पाटी डोक्यावर घ्यायची सोडून टमटमने बाजारात जायला लागलीस. टमटमवाला तुला मध्ये बसू द्यायचा नाही, गाडी एका बाजूला कलते म्हणायचा. तू हसून म्हणायचीस, "मी बसले म्हंजे गाडी वाऱ्यानं उडत नाय." सगळे हसायचे. मीही. ते हसणं आता मला ऐकू येतं तेव्हा कान झाकावेसे वाटतात.

आणि मी भाषणं द्यायला लागलो. किती खाल्लं, किती जाळलं, उरलं ते अंगाला लागलं, साधं गणित आहे, असं मी तुला समजावून सांगायचो. पेज बंद कर. तळलेलं बंद कर. दुपारची झोप बंद कर. हे सगळं मी तुझ्या ओट्यावर बसून, तू दिलेल्या तळलेल्या मांदेलींची ताटली मांडीवर घेऊन सांगायचो. माझं स्वतःचं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत होतं आणि ते मात्र खरोखर कँटीनच्या वड्यांचं होतं. तू एकदा बोट लावून म्हणालीस, "आनि ह्ये काय हाय? ह्ये पन जडीबुटीचं?" दाजी खो खो हसले. मला राग आला होता. खरं तर तू तेव्हाच उत्तर सांगून टाकलं होतंस आणि आपल्या दोघांनाही ते कळलं नाही.

मग तो डबा. तुला लिहायला जमत नव्हतं म्हणून मीच युक्ती काढली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला आणि म्हटलं, एक भाकरी खाल्ली की एक शिंपली टाक, एक वाटी भात खाल्ला की एक शिंपली. आठ दिवसांनी मोजू. तू किनाऱ्यावरून ओटीभर शिंपल्या आणल्यास. आठ दिवसांनी डबा माझ्यासमोर ओतलास. मी मोजल्या. माझ्या एका दिवसाच्या जेवणाशी मनातल्या मनात ताडून बघितल्या, आणि तू माझ्या निम्म्यानेही खात नव्हतीस.

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "टाकायला विसरली असशील."

तू शिंपल्या परत डब्यात भरल्यास. एक एक. जरा वेळाने आतूनच म्हणालीस, "घाट्या, मी माशाच्या वजनात कोनाला फसवलं नाय. माज्या पोटाचं खोटं कशाला बोलू?" मी विषय बदलला. त्या दिवशी तू मला चहा विचारला नाहीस. अकरा वर्षांत तो एकच दिवस.

तुझ्या अंगात काय चाललंय हे पहिल्यांदा कोणाला दिसलं? मला नाही. गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी कासारीण आली होती. दरवर्षीसारखी तुझ्या ओट्यावर टोपली उतरवून बसली. तुझा हात हातात घेतला, चाचपला, आणि थांबली. "अगो हिरे, अंगानं दारात मावत नायस, नि हात का असा वितळला? मागं दोन-आठची बांगडी भरलेली तुला, औंदा दोन-चारची पन घसरते." खरंच, तुझे दंड आणि मनगटं काडीसारखी झाली होती. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या आणि परत खाली येत होत्या. मी तिथेच होतो. मी म्हणालो, "बरं झालं, हातापासून बारीक व्हायला सुरुवात झाली." पुन्हा हशा. आयुष्यात कधी शाळेत न गेलेल्या त्या बाईने हातात हात घेऊन जे ओळखलं, ते मी चार वर्षं डोळ्यांसमोर बघत होतो.

दिवाळीनंतर तुझ्या अंगावर निळे डाग पडायला लागले. दाजींनी उठवायला दंडाला धरलं तरी बोटांचे वळ उमटायचे. गावात कुजबुज झाली की दाजी हात टाकतात. दाजींचाही चेहरा तेव्हा सुजल्यासारखा दिसायचा, म्हणून लोक म्हणाले, पितही असणार. बिचारे दाजी. तू भांडायला निघाली होतीस त्या बायकांशी, पण उठायलाच तुला दोन माणसं लागत होती. मग एकदा तू वाळत घातलेले बोंबील काढता काढता मांडवाखाली बसलीस ती उठलीच नाहीस, आणि मी हट्टाने तुला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. होळीला चार दिवस होते.

त्या डॉक्टरांनी तुला काय खाता हे विचारलंच नाही. तुझं मनगट धरलं. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत घेतली, ती पातळ कागदासारखी उचलली गेली. मानेमागचा गोळा बघितला, पोटावरच्या जांभळ्या रेघा बघितल्या. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "आजी, पुडी कुठून आणता?"

तू आधी "आजी" म्हटल्याबद्दल त्यांच्याकडे रागाने बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. म्हणाले, लठ्ठपणा म्हणजे एकच गोष्ट नाही. कोणाचा घराण्यातून येतो, कोणाचा थायरॉइडसारख्या ग्रंथींमुळे, कोणाचा बैठ्या कामाने, अपुऱ्या झोपेने, चिंतेने. खाण्याने येतो तोसुद्धा नुसत्या हावरटपणाने येत नाही, त्यामुळे कोणालाच लाजवून उपयोग नसतो. "पण यांचा तर खाण्याचा नाहीच. हा औषधाचा आहे. पोट सुटतं आणि हातपाय वाळतात, ही त्याची खूण. त्या पुडीत स्टेरॉइड असणार." तू मला हळूच कोपराने ढोसलंस. त्या ढोसण्यात सगळं आलं होतं: भाकऱ्या, शिंपल्या, माझी चार वर्षांची भाषणं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, ताई, माझं चुकलं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

मग ते म्हणाले, आणि हे मला शब्द न् शब्द आठवतं, "पण एकदम बंद करायचं नाही. असंच औषध शरीर स्वतः बनवत असतं. इतकी वर्षं बाहेरून मिळत गेल्यावर शरीराने ते बनवणं सोडून दिलेलं असतं. पुडी बंद करा, पण त्याऐवजी मी देतो ती गोळी रोज घ्या. ती आपण महिन्या-महिन्याने कमी करत आणू. वर्ष लागेल. वजन उतरेल, चेहरा पूर्वीसारखा होईल. घाई करू नका."

बाहेर दुकानातून मी गोळ्या घेतल्या. पाकिटावरचं नाव वाचलं. आमच्या धंद्यात असली नावं वाचता येतात. तेही स्टेरॉइडच होतं.

इथे माझी अक्कल पाजळली. वाटलं, विष सोडवायला परत तेच विष? वर्षभर? डॉक्टरांना काय जातंय. कमी शिकलेल्या माणसाने गोळी मुकाट्याने घेतली असती. जास्त शिकलेल्यालाही कळलं असतं. मी बरोबर मधला निघालो. आणि खरं सांगू का, त्याहून मोठं कारण दुसरंच होतं. मला ती पुडी डोळ्यांसमोर नको होती. मी आणलेली होती ती. माझी लाज मला एका दिवसात जाळून टाकायची होती, वर्षभर रोज थोडी थोडी नाही.

होळीच्या संध्याकाळी गाव जमलं होतं. तू खुर्चीवर बसली होतीस, नवी साडी नेसून. मी म्हणालो, "ताई, सगळ्या पुड्या आण. आज टाकू होळीत. आणि त्या गोळ्याही नकोत." तू विचारलंस, "डाक्टर बोलले ना, हळूहळू?" मी म्हणालो, "हात भाजला तर आपण तो हळूहळू काढतो का?" तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "तू शिकलेला हायस," आणि पिशवी माझ्या हातात दिलीस. तुझी भांडखोर जीभ, ताई. कोळंबीच्या एका वाट्यासाठी तू अर्धा तास घासाघीस करायचीस. त्या दिवशीच कशी गप्प बसलीस?

आमच्याकडे नवीन पोरं कामाला आली की पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना शिकवतो की रसायनाच्या तापलेल्या भांड्यावर, रिअ‍ॅक्टरवर, एकदम थंड पाणी सोडायचं नाही. आतला काचेचा थर तडकतो. हळूहळू थंड करायचं, तासन् तास लागले तरी चालतील. हे मी स्वतः शिकवतो.

दुसऱ्या दिवशी तू फोन करून म्हणालीस, अंगात जीव राहिला नाय. मी म्हटलं, विष उतरतंय. तिसऱ्या दिवशी उलट्या. मी म्हटलं, निघू दे बाहेर. चौथ्या दिवशी तुझा आवाज खोल गेला होता, पण तू हसलीस. "घाट्या, पोट उतरल्यावानी वाटतंय. साडीची एक निरी जास्त बसली. तुज्यामुळं सुटले बग." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. तू माझे आभार मानलेस, ताई. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या जन्मभर आनंदाने सांभाळल्या असत्या. हे आभार कुठे ठेवू?

सहाव्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. तू न्हाणीच्या दारात पडली होतीस. मी पोचलो तेव्हा तुला बोईसरच्या दवाखान्यात आणलं होतं आणि एक तरुण डॉक्टरीण तुझी नाडी शोधत होती. तिने मान वर करून विचारलं, "कुठलं औषध चालू होतं? स्टेरॉइड? एकदम थांबवलंत का?" मी लगेच बोललो नाही. दाजी शेजारी उभे होते. मग मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती पळत गेली, इंजेक्शन आणलं, दिलं. तू परत आली नाहीस. ते जे थोडे क्षण मी दाजींना लाजून गप्प राहिलो, त्यांनी काही फरक पडला का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

तेराव्यानंतर आठ दिवस मी तुझ्या घरी गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. दाजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मनोर, पुडी, पालघरचे डॉक्टर, पाकिटावरचं नाव, होळी. मध्ये एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. दाजींचे हात चालूच होते. माझं संपल्यावरही दोन गाठी त्यांनी मारल्या. मला वाटलं आता उठतील आणि मला मारतील. मारायला हवं होतं.

ते उठले, आत गेले आणि तो डबा घेऊन आले. झाकण काढलं. शिंपल्यांवर चार पुड्या ठेवलेल्या होत्या.

"ती मला अर्दी द्यायची," दाजी म्हणाले. "दोन वरसं झाली. माजा खांदा दुकायचा जाळं ओढताना. तुला सांगू नको बोलली. बोलली, घाट्या परत भाषन दील." ते हसले की रडले मला कळलं नाही. "होळीत तिच्या टाकल्यास तू. माज्या ह्या बोटीत होत्या, त्या ऱ्हायल्या. तिला नेली त्या दिवशी पन मी घेतली. म्हनून मी हाय."

तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दारूने सुजलेला म्हणत होतो आम्ही. गोल, लालसर, अगदी तुझ्या पहिल्या वर्षीच्या चेहऱ्यासारखा.

मी डब्यात हात घातला. आठ दिवसांच्या मानाने शिंपल्या फार होत्या. दाजी म्हणाले, "तू खोटी बोललास तिला, त्याच्यानंतर पन टाकायची. महिनाभर. तुला दाकवनार व्हती. मग ऱ्हायलं."

मी खोटी म्हणालो नव्हतो, ताई. विसरली असशील म्हणालो होतो. पण तुला कळायचं ते बरोबर कळलं होतं.

जाळं बाजूला सारून दाजी म्हणाले, "जेव कमी, असं मी पन बोलायचो तिला. आता सांग, माजी कशी कमी करायची?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही पालघरला गेलो. त्या डॉक्टरांसमोर मला सगळं परत सांगावं लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग दाजींना तपासलं आणि तसल्याच गोळ्या लिहून दिल्या. बाहेरच्या दुकानात मी त्या घेतल्या. पाकिटावर तेच नाव होतं. या वेळी मी ते वाचलं आणि पाकीट दाजींच्या हातात दिलं.

मग आम्ही दोघं तुझ्या बाजारात गेलो. मी पत्ता दिलेल्या तिघी आणि त्यांनी ज्यांना दिला होता त्या आणखी दोघी, अशा पाच जणी तिथे होत्या. सगळ्यांसमोर सांगितलं की हिरा खाऊन मेली नाही. कशाने मेली तेही सांगितलं, कोणामुळे तेही. जी पंगतीत पानावर हात आडवा धरून बसली होती, ती रडायलाच लागली. तीही घेते, तीन वर्षं. म्हणाली, "मग मी उद्यापासून नाय घेत." मी ओरडलोच, "नाही! उद्या घे. परवा आपण पालघरला जाऊ." तिच्या तोंडात ती पुडी अजून एक दिवस घालायला सांगताना माझी जीभ जड झाली होती. पण सांगितलं. तिला नेलं. आता पाचही जणी डॉक्टरांच्या हाताखाली आहेत. मनोरचा तो माणूस तिथून उठून कुठे गेला कोणाला माहीत नाही, त्याची तक्रार द्यायला मी आणि दाजी जाऊन आलो.

दाजींना दिवस लक्षात राहत नाहीत. म्हणून आम्ही तुझ्या शिंपल्या एका रुमालात बांधून देवाच्या फळीवर ठेवल्या आणि रिकामा डबा ओट्याच्या कोनाड्यात. सकाळची गोळी घेतली की दाजी एक शिंपली टाकतात. पुढच्या महिन्यात गोळी थोडी लहान होईल, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी लहान. वर्ष लागेल. लागू दे.

परवा सुट्टीला गेलो तेव्हा दाजींनी डबा माझ्यापुढे सरकवला. मी शिंपल्या जमिनीवर मांडून मोजल्या. दाजी जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "बरोबर हायत?"

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

तुझ्याही बरोबर होत्या, ताई.